बोल्ट बसला, तरी गॉइफ जिवंत कसा?

या महिन्याच्या पत्रांची चळत सोडवली, तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच कार्डाबद्दल निघाली. म्हणून या वेळचं सदर सगळं टार्मोगॉइफचं, म्हणजे लाडक्या नावाने गॉइफचं.

जे 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळत नाहीत, पण घरात कुणीतरी खेळतं म्हणून हे पान वाचतात, त्यांच्यासाठी आधी चार ओळी. या खेळात प्रत्येक क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या, कार्डावर उजवीकडे खाली दोन आकडे असतात. पहिला पॉवर, म्हणजे ते समोरच्याला किती मार देतं. दुसरा टफनेस, म्हणजे किती मार बसला की ते मरतं. टार्मोगॉइफच्या कार्डावर आकडेच नाहीत. पॉवरच्या जागी एक चांदणी आणि टफनेसच्या जागी 'एक अधिक चांदणी'. या चांदणीची किंमत कार्डाच्या मजकुरात दिली आहे: सगळ्या खेळाडूंच्या ग्रेव्हयार्डांत मिळून जितक्या प्रकारांची कार्डं असतील, तितकी. ग्रेव्हयार्ड म्हणजे वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांचा ढीग. लँड म्हणजे जमीन, सॉर्सरी आणि इन्स्टंट हे मंत्र, असे कार्डांचे प्रकार असतात. ढिगात एखादी लँड आणि एखादी सॉर्सरी असेल तर गॉइफ २/३, म्हणजे पॉवर २, टफनेस ३. एक इन्स्टंट येऊन पडला की ३/४. ढीग रिकामे असतील तर ०/१. डाव चालू असताना त्याचं अंग सारखं भरतं आणि आटतं, आणि भांडणं नेमकी तिथेच लागतात.

मी एकवीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते. कोण काय बोललं याच्याइतकंच कोण आधी बोललं हे टिपायची सवय हाताला लागली. हा खेळ मला भाच्याने शिकवला. आता रविवारी टेबलांवर नियम सांगायला बसते, तेव्हा ती जुनी सवयच कामाला येते.

प्रश्न: ताई, मी आणि माझा रूममेट दोघंही मॅजिक खेळतो. त्याचा टार्मोगॉइफ २/३ होता. त्याच्या ग्रेव्हयार्डात एक लँड आणि एक सॉर्सरी, माझं ग्रेव्हयार्ड रिकामं. मी त्याच्यावर लायटनिंग बोल्ट हा इन्स्टंट मारला. ३ डॅमेज, टफनेस ३, म्हणजे मेला. तो म्हणाला, मेला नाही, आता तो ३/४ आहे. मला वाटलं तो मला बनवतोय. मी डेक उचलून उठलो. दोन आठवडे झाले, मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवतोय. बरोबर कोण?
— प्र. शि., सांगली

उत्तर: रूममेट बरोबर आहे. आज रात्री त्याच्या टेबलावर जाऊन बस.

तू मांडलेला हिशेब पहिल्यांदा सगळेच मांडतात. मीही मांडला होता. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की डॅमेज बसलं त्याच क्षणी क्रीचर मरतं. तसं होत नाही. डॅमेज बसलं की क्रीचरला फक्त जखम होते. मरण येतं ते नंतर, हजेरीच्या वेळी.

हजेरी हा माझा शब्द. नियमावलीत त्याला 'स्टेट-बेस्ड ॲक्शन' म्हणतात. एखादी गोष्ट पूर्ण पार पडली, की पुढचं काही करायची कुणालाही संधी मिळायच्या आधी खेळ स्वतःच सगळ्या मैदानावरून नजर फिरवतो. कुणाचं आयुष्य शून्यावर आलं का, कुणाचा टफनेस शून्य झाला का, कुणाच्या अंगावर टफनेसइतकी जखम आहे का. जो सापडेल तो त्या वेळी जातो. मधल्या काळात हजेरी होत नाही. एखादा स्पेल, म्हणजे टाकलेला मंत्र, अर्धा पार पडलेला असताना तर नाहीच.

आता तुझा बोल्ट सावकाश बघू. तू एक लाल मना (लँडमधून मिळणारं, कार्ड टाकायला लागणारं बळ) दिलास आणि बोल्ट टाकलास. तो स्टॅकवर गेला. स्टॅक म्हणजे टाकलेलं कार्ड लागू होईपर्यंत थांबतं ती जागा. ती ग्रेव्हयार्ड नव्हे, त्यामुळे गॉइफ अजून २/३. रूममेटने काही उत्तर दिलं नाही, बोल्ट लागू झाला. गॉइफच्या अंगावर ३ची जखम झाली. टफनेसही ३ आहे, पण बोल्टचं काम अजून संपलेलं नाही. इन्स्टंट किंवा सॉर्सरी लागू होण्याचा अगदी शेवटचा भाग असा असतो, की ते कार्ड आपल्या मालकाच्या ग्रेव्हयार्डात जाऊन पडतं. तुझा बोल्ट तुझ्या रिकाम्या ग्रेव्हयार्डात पडला, आणि त्याच क्षणी सगळ्या ढिगांत मिळून तीन प्रकार झाले: लँड, सॉर्सरी, इन्स्टंट. गॉइफ ३/४ झाला. हजेरी होते ती यानंतर. टफनेस ४, जखम ३. गॉइफ उभा.

नियमावलीत हे ६०८ आणि ७०४ या दोन कलमांत आहे. मेसमध्ये पुन्हा वाद झालाच तर मोबाईलवर दोन्ही उघडून शेजारी-शेजारी वाचा.

म्हणजे बोल्टने गॉइफ कधीच मरत नाही असं मात्र समजू नकोस. रीत सोपी आहे. स्पेल टाकण्याआधी आपलंच कार्ड मनातल्या मनात ग्रेव्हयार्डात ठेव आणि मग मोज. गॉइफ १/२ असेल आणि ढिगात इन्स्टंट नसेल, तर बोल्ट पडल्यावर तो २/३ होईल, जखम ३, मेला. गॉइफ २/३ असेल पण त्या दोन प्रकारांत इन्स्टंट आधीपासूनच असेल, तर तुझ्या बोल्टने प्रकार वाढणार नाही. तो २/३च राहील आणि मरेल. तुझ्या डावात नेमका इन्स्टंटच नव्हता. तू स्वतःच त्याला तिसरा प्रकार पुरवलास.

आणि हेही लक्षात ठेव, की तू मोजतोस तसा समोरचाही मोजतो. मागे एका रविवारी पाहिलेला डाव सांगते. चौदा वर्षांची मुलगी, तिचा गॉइफ १/२, दोन्ही ग्रेव्हयार्डांत मिळून फक्त एक सॉर्सरी. समोरच्या मुलाने बरोबर हिशेब केला: बोल्ट पडल्यावर २/३, मरतो. त्याने बोल्ट टाकला. मुलीने तिची मिस्टी रेनफॉरेस्ट (बळी देऊन डेकमधून दुसरी लँड शोधायची लँड) आडवी केली, एक लाइफ कमी केलं आणि ती लँड सरळ ग्रेव्हयार्डात ठेवली. डेकमध्ये अजून हातही घातला नव्हता. त्या लँडचा बळी देणं ही तिची किंमत असते, आणि किंमत चुकवण्याच्या मध्ये कुणाला बोलता येत नाही. त्यामुळे बोल्ट स्टॅकवर लटकलेला असतानाच ढिगात लँड आली आणि गॉइफ २/३ झाला. मग बोल्ट लागू झाला, जखम ३, बोल्ट ढिगात, गॉइफ ३/४. मुलाने हात पुढे केला आणि म्हणाला, मस्त. तो डाव अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आता तुझ्यासाठी एक उपाय. जखम टर्न संपेपर्यंत अंगावर राहते. म्हणजे ३ची जखम घेऊन उभा असलेला ३/४ गॉइफ त्या टर्नमध्ये धोक्यातच असतो. तुझ्याकडे टॉर्मॉड्स क्रिप्ट असेल तर? ते शून्य मनाचं आर्टिफॅक्ट आहे. त्याचा बळी दिला की एका खेळाडूचं अख्खं ग्रेव्हयार्ड खेळाबाहेर जातं. बोल्ट मारून झाल्यावर तू क्रिप्टचा बळी दिलास. ते तुझ्या ग्रेव्हयार्डात पडलं, म्हणजे क्षणभर प्रकार चार झाले आणि गॉइफ ४/५. घाबरू नकोस. क्रिप्ट लागू झालं, रूममेटच्या ढिगातली लँड आणि सॉर्सरी गेली. उरलं काय? तुझा बोल्ट आणि तुझं क्रिप्ट. इन्स्टंट आणि आर्टिफॅक्ट, दोन प्रकार. गॉइफ २/३, अंगावर ३ची जखम. आता मेला. हाच बोल्ट आणि हेच क्रिप्ट उलट्या क्रमाने वापरून बघ. आधी क्रिप्ट, तर गॉइफ १/२. मग बोल्ट, तर २/३ आणि मरतो. तुझ्या डावात दोन्ही क्रम चालले असते. पण आधी क्रिप्ट वापरलंस तर रूममेटला सावरायला वेळ मिळतो, एखादी लँड ढिगात टाकता येते. म्हणून मी असते तर आधी बोल्टच मारला असता.

प्रश्न: नमस्कार. माझ्या ग्रेव्हयार्डात एकच बोल्ट आहे आणि समोरच्याचा गॉइफ ३/४ आहे (लँड, सॉर्सरी आणि माझा तो बोल्ट). स्नॅपकास्टर मेज उतरवून तोच बोल्ट पुन्हा मारला तर गॉइफ मरेल का? आमच्या ग्रुपमध्ये तिघं हो म्हणतात आणि तिघं नाही.
— अ. वा., ठाणे

उत्तर: मरेल. मला या महिन्यात सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच.

स्नॅपकास्टर मेज मैदानात आला की तुमच्या ग्रेव्हयार्डातल्या एका इन्स्टंटला किंवा सॉर्सरीला त्या टर्नपुरता फ्लॅशबॅक देतो. फ्लॅशबॅकच्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. एक, कार्ड ग्रेव्हयार्डातून उचलून स्टॅकवर जातं. दोन, स्टॅकवरून उतरल्यावर ते ग्रेव्हयार्डात परत येत नाही, खेळाबाहेर जातं.

तुम्ही बोल्ट उचललात त्या क्षणी ढिगातला एकमेव इन्स्टंट नाहीसा झाला. गॉइफ ३/४चा २/३ झाला, आणि बोल्ट अजून लागायचाच आहे. तो लागला, ३ची जखम झाली, मग कार्ड खेळाबाहेर गेलं. हजेरी घेतली तर टफनेस ३, जखम ३. वर सांगलीकराच्या गॉइफला जे वाचवत होतं, तेच इथे काढून घेतलं जातं.

तुमच्या ग्रुपमधले 'नाही' म्हणणारे तिघं बहुतेक असं मोजत असावेत, की गॉइफ ३/४ आहे, बोल्ट ३चा आहे, म्हणजे पुरत नाही. त्यांनी बोल्ट दोन जागी मोजला, ढिगातही आणि हातातही.

पण दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. समोरच्याच्या ढिगात एखादा इन्स्टंट आधीच पडलेला असेल, तर तुमचा बोल्ट उचलल्याने प्रकार कमी होत नाही. गॉइफ ३/४ राहतो आणि वाचतो. आणि तसा नसेल तरी बोल्टला उत्तर म्हणून समोरच्याने कुठलाही इन्स्टंट टाकला, अगदी एक कार्ड ओढायचा साधा ऑप्ट टाकला, तरी तो आधी लागू होऊन त्याच्या ढिगात जाऊन पडतो. गॉइफ पुन्हा ३/४. म्हणून तुमचा टर्न असला, तरी समोरच्याने किती निळी मना मोकळी ठेवली आहे ते आधी बघा.

प्रश्न: मेलेला गॉब्लिन टोकन ग्रेव्हयार्डात क्रीचर म्हणून मोजायचा का? आणि आम्ही चौघं मॅजिकचा कमांडर हा अनेकांनी मिळून खेळायचा प्रकार खेळतो, तेव्हा फक्त आपलाच ढीग मोजायचा ना?
— ओ., इयत्ता नववी, नाशिक

उत्तर: टोकन, म्हणजे कार्डाऐवजी मैदानात ठेवलेली क्रीचरची खूण, मोजायचा नाही. तो मेल्यावर क्षणभर ग्रेव्हयार्डात जातो खरा, पण तो कार्ड नाही, आणि गॉइफ 'कार्डांचे' प्रकार मोजतो. ढीग मात्र चौघांचेही मोजायचे. म्हणून कमांडरमध्ये गॉइफ लवकर मोठा होतो.

अजून एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण पुढे विचारशील. चार सॉर्सरी पडल्या तरी प्रकार एकच. उलट आर्टिफॅक्ट क्रीचर असं एकच कार्ड पडलं तर प्रकार दोन. 'लेजंडरी', 'बेसिक' हे शब्द प्रकारात येत नाहीत, आणि 'गॉब्लिन', 'फॉरेस्ट' हेसुद्धा नाहीत.

प्रश्न: मी आणि माझी बारा वर्षांची लेक दोघी खेळतो. तिला वाढदिवसाला फ्यूचर साइटमधला टार्मोगॉइफ आणला. कार्ड बघून मला शंका आली. बाकीच्या कार्डांवर मनाची चिन्हं वर उजवीकडे असतात, याच्यावर ती डाव्या कडेने खाली उतरत गेली आहेत. चौकटही वेगळीच. खोटं तर नाही ना? दुसरं म्हणजे कंसात आठ प्रकार लिहिलेत आणि लेक म्हणते नऊ मोजायचे. कार्डावर छापलेलं मानायचं की तिचं?
— म. दे., एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: चौकटीवरून घाबरू नका. हे कार्ड पाहून पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं. फ्यूचर साइट हा संच मे २००७मध्ये आला, आणि त्यातल्या १८० पैकी ८१ कार्डांना मुद्दाम अशी निराळी चौकट दिली होती. ही कार्डं जणू भविष्यातल्या एखाद्या संचातून उडून आली आहेत, अशी कल्पना होती. मनाची चिन्हं डावीकडून वळण घेत उतरतात, आणि वर डाव्या कोपऱ्यात कार्डाच्या प्रकाराचं छोटं चिन्ह असतं. नंतर मॉडर्न मास्टर्ससारख्या संचांत हे कार्ड पुन्हा छापलं तेव्हा ते नेहमीच्या चौकटीत आलं. कार्ड खरं की खोटं हे पत्रावरून सांगणं बरोबर नाही, ते हातात घेऊन बघायला हवं. पण निव्वळ चौकट निराळी आहे म्हणून ते खोटं ठरत नाही.

माझ्याकडेही त्याच छपाईचं एक आहे. भाच्याने टोरांटोला जाताना माझ्या हातात ठेवलेलं. खालचा डावा कोपरा पांढरा पडलाय. तो शाळेत असताना स्लीव्हशिवाय खेळायचा, तेव्हाची खूण आहे ती. एके काळी या कार्डाला शंभर डॉलरच्या वर भाव होता. आता तसा राहिला नाही. तरी मी ते विकणार नाही.

आता दुसरा प्रश्न. लेक बरोबर आहे.

कंसात तिरक्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ती नुसती आठवण असते, नियम नसतो. नियम कंसाबाहेर आहे: जितके प्रकार, तितकी चांदणी. कार्ड छापलं तेव्हा प्रकार होते आर्टिफॅक्ट, क्रीचर, एन्चांटमेंट, इन्स्टंट, लँड, प्लेन्सवॉकर, सॉर्सरी आणि ट्रायबल. यातली मौज अशी, की त्या मे महिन्यात प्लेन्सवॉकरचं एकही कार्ड अस्तित्वात नव्हतं. पहिले पाच प्लेन्सवॉकर आले ते ऑक्टोबर २००७मध्ये, लॉरविन या संचात. म्हणजे पाच महिने खेळाडू या कंसाकडे बघत 'हे काय असेल बुवा' म्हणत होते. भाचा सांगतो, त्यांच्या ग्रुपमध्ये यावरून पैजा लागल्या होत्या.

पुढे एप्रिल २०२३मध्ये मार्च ऑफ द मशीन आला आणि 'बॅटल' हा नवा प्रकार आला. तो जुन्या कंसात असणं शक्यच नव्हतं, पण मोजायचा तो आहेच. 'ट्रायबल' या शब्दाच्या जागी आता 'किन्ड्रेड' म्हणतात. प्रकार तोच, नाव बदललं. म्हणजे नऊ प्रकार, आणि सगळे ढिगात पडले तर गॉइफ ९/१०. जुन्या कार्डावर काहीही छापलेलं असलं तरी खेळताना त्याचा आजचा अधिकृत मजकूर धरतात, त्याला ओरॅकल टेक्स्ट म्हणतात. लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. बारा वर्षांची मुलगी छापील मजकुरापुढे न दबता नियम सांगते, याचं मला फार कौतुक वाटलं.

प्रश्न: माझा गॉइफ ३/४ होता (लँड, इन्स्टंट, सॉर्सरी). अटॅक केला, समोरच्याने दोन २/२ अस्वलांनी ब्लॉक केला. मी एक अस्वल मारलं, गॉइफला ४ डॅमेज बसलं. मेलेलं अस्वल ढिगात गेलं, क्रीचर हा चौथा प्रकार झाला, म्हणजे गॉइफ ४/५ आणि जिवंत. बरोबर ना? बोल्टवर जिवंत राहतो तसाच.
— सु. पा., कोल्हापूर

उत्तर: नाही, इथे तो मेला. आणि हे मी जरा जपून सांगते, कारण एकदा मी स्वतः याचं उलट उत्तर दिलं होतं.

हाच प्रसंग होता, अस्वलं नव्हती एवढंच. मला बोलावलं, मी बोल्टचा नियम आठवून म्हटलं, क्रीचर ढिगात गेलं, गॉइफ वाढला, वाचला. मुलाने मान हलवली आणि तो डाव हरला. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मनात क्रम पुन्हा लावला आणि पोटात गोळा आला. पुढच्या रविवारी त्याला शोधून काढलं, चूक माझी होती असं सांगितलं. निकाल बदलणार नव्हता. पण त्याला बरोबर नियम कळणं हे त्याचं देणं होतं माझ्याकडे.

फरक कुठे आहे बघा. बोल्ट हजेरीच्या आधीच ढिगात पोचलेला असतो, कारण ढिगात जाणं हा त्याच्याच कामाचा शेवटचा भाग आहे. अस्वल ढिगात जातं ते हजेरीमुळे. लढाईचं डॅमेज सगळ्यांना एकाच वेळी बसलं. मग एकच हजेरी झाली. त्या क्षणी ढिगात क्रीचर नाही. गॉइफ ३/४, जखम ४. अस्वल २/२, जखम ३. दोघांचीही नावं एकाच हजेरीत निघाली, दोघंही एकदमच गेले. अस्वल आधी आणि गॉइफ मग, असा क्रम तिथे नाहीच.

पुढच्या वेळी अस्वलांऐवजी समोर गॉइफच असेल तर निश्चिंत राहा. दोन गॉइफ एकमेकांना भिडले तर दोघांचा आकार सारखाच असतो आणि टफनेस पॉवरपेक्षा एकने जास्त, म्हणून मध्ये कुणी काही टाकलं नाही तर दोघंही जखमी होऊन उभे राहतात.

प्रश्न: एका दुकानातल्या स्पर्धेत समोरच्याने त्याचं ग्रेव्हयार्ड मोबाईलखाली ठेवलं होतं. मी विचारलं, गॉइफ केवढा? तो म्हणाला, ४/५. मी ब्लॉक केला नाही. नंतर बघितलं तर ३/४च होता. माझ्या क्रीचरचा पॉवर ४. ब्लॉक केला असता तर मेला असता. मी बोललो नाही, पण अजून मनातून जात नाही.
— रो. ग., नागपूर

उत्तर: तुमच्यावर अन्याय झाला, आणि तुम्ही त्याच वेळी बोलायला हवं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ग्रेव्हयार्ड उघडं असतं. कुठलाही खेळाडू कुणाचंही ग्रेव्हयार्ड कधीही बघू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. मोबाईलखाली, कोपराखाली, पाण्याच्या बाटलीमागे ते राहता कामा नये. 'जरा ढीग पसरा' हे सरळ म्हणायचं, त्यात उद्धटपणा काही नाही.

गॉइफ केवढा, हे ढिगावरून काढावं लागतं. दुकानातल्या साध्या स्पर्धेत असं विचारलं तर समोरच्याने खरं आणि पूर्ण उत्तर द्यायचं असतं. मोठ्या, कडक स्पर्धेत तो 'तुम्हीच मोजा' म्हणू शकतो, पण खोटा आकडा तिथेही सांगू शकत नाही. त्याने मुद्दाम सांगितलं की त्याचाच हिशेब चुकला, हे मी इथून कसं ठरवणार? पण ते ठरवायचं काम तुमचंही नव्हतं. हात वर करायचा आणि जजला बोलवायचं. लगेच बोलावलं तर कधीकधी डाव ब्लॉकपर्यंत मागे नेता येतो. चार टर्न उलटल्यावर ते होत नाही.

मी टेबलावर काय करते ते सांगते. गॉइफ मैदानात उतरला की दोन्ही खेळाडूंना सांगते, ढीग पंख्यासारखे पसरा, प्रत्येक कार्डाचं नाव आणि प्रकाराची ओळ दिसली पाहिजे. मॉडर्न या स्पर्धाप्रकारात २००३ पासूनच्या संचांतलीच कार्डं चालतात, त्यामुळे तिथे आपल्या ग्रेव्हयार्डाचा क्रम बदलायला हरकत नसते. मग एकेका प्रकाराचं एक कार्ड वर ओढून ठेवा, मोजायला सोपं जातं. जुनी कार्डं चालतात अशा लेगसीसारख्या स्पर्धेत क्रमाला हात लावू नका. समोरच्याच्या ढिगाचा क्रम तर कधीच बदलायचा नाही.

काही जण गॉइफवर डाय (फासा) ठेवतात, ३ प्रकार असतील तर ३. ठेवा, पण डाय फिरवायचं कुणाच्याही लक्षातून जातं, आणि डायवरचा आकडा म्हणजे नियम नव्हे. ब्लॉक करायच्या आधी डायकडे न बघता ढिगाकडे बघा आणि मोठ्याने मोजा: लँड, इन्स्टंट, सॉर्सरी, तीन. समोरच्याने 'हो' म्हटलं की मग ब्लॉक करायचा की नाही ते ठरवा.